प्रतिवादीच्या शोधात कायदा

चोर, मुद्देमाल आणि ज्याची वस्तू गेली तो मालक, ही चोरीतील तीन पात्रे कायद्याच्या परिचयाची आहेत. परंतु ज्या व्यवहारात मालकाची वस्तू मालकाकडेच राहून तिच्या प्रतिकृती लक्षावधी घरांत पोचतात, तेथे दोषी कोणाला धरावे, हे ठरवताना न्यायसंस्थेला आपली दृष्टी वारंवार बदलावी लागली आहे.

१९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे सोनी कंपनीच्या बेटामॅक्स यंत्राचा दावा आला. दूरचित्रवाणीवरील चित्रपट या यंत्राने घरबसल्या चित्रमुद्रित करता येत असल्यामुळे विक्रेत्यासच जबाबदार धरावे, ही चित्रपटसंस्थांची मागणी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. ज्या साधनाचा निर्दोष उपयोगही मोठा आहे, ते विकल्यामुळे इतरांच्या गैरवापराचे पाप विक्रेत्याच्या माथी येत नाही, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले.

१९९९ मध्ये शॉन फॅनिंग या तरुण विद्यार्थ्याने काढलेल्या नॅपस्टर या गाणी वाटण्याच्या सेवेने हीच ढाल पुढे केली. गाणी ज्याच्या त्याच्या संगणकात होती हे खरे. पण कोणते गाणे कोणाकडे आहे, याची यादी नॅपस्टरच्या दप्तरी होती, आणि त्या दप्तरानेच २००१ साली अपील न्यायालयात त्याचा घात केला. पुढच्यांनी दप्तरच मोडीत काढले. तेव्हा अशाच ग्रोक्स्टर या सेवेविरुद्धच्या २००५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने साधनावरून नजर काढून हेतूकडे वळवली, आणि नॅपस्टरची गिऱ्हाइके ओढण्यासाठी केलेला प्रचार हा दोषाचा एक पुरावा ठरला.

ब्रॅम कोहेन यांच्या बिटटोरंट या फाइलवाटपाच्या पद्धतीने हा पेच आणखी आवळला. यात फाइलीचे असंख्य तुकडे होतात, प्रत्येक तुकडा अंगठ्याच्या ठशासारख्या गणिती खुणेने पारखला जातो, आणि घेणाऱ्याकडे पोचलेला तुकडा लगेच दुसऱ्यास जाऊ लागल्यामुळे याचक तोच दाता होतो. आपल्याकडे एकही गाणे साठवलेले नाही, असे सांगणाऱ्या स्वीडनमधील पायरेट बे या बिटटोरंट फाइलींचे पत्ते देणाऱ्या संकेतस्थळाच्या चौघांना स्टॉकहोमच्या न्यायालयाने २००९ मध्ये एकेका वर्षाची कैद आणि तीन कोटी क्रोनांची भरपाई फर्मावली. संकेतस्थळ मात्र चालूच राहिले.

प्रतिवादी सापडेनासा झाला तेव्हा भारतीय न्यायालयांतून ‘अशोक कुमार’ या कल्पित इसमाविरुद्ध मनाई हुकूम निघू लागले. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी, केवळ पाहणे हा गुन्हा नव्हे, असा खुलासा करून अशा हुकमांना मर्यादेची जाणीव करून दिली. तर २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने, चोरीच्याच मालावर चालणारी संकेतस्थळे समूळ रोखावीत आणि त्यांच्या नव्या नावांनाही तोच हुकूम लागू करता यावा, अशी तजवीज केली.

कलावंताचे श्रम फुकट लुटले जाऊ नयेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु साधनाकडून दप्तराकडे, दप्तराकडून हेतूकडे आणि अखेर व्यक्तीकडून रस्त्याकडे सरकलेल्या कायद्याने रस्ता अडवताना १९८४ चा विवेक गमावू नये. कारण लिनक्ससारख्या मुक्त प्रणालींच्या फाइली आजही, त्यांच्या कर्त्यांच्या पूर्ण संमतीने, बिटटोरंटच्या याच रस्त्याने वाटल्या जातात.