मंडळीचा पुढारी आणि ज्वारीची पायली

प्रार्थनेत स्वतःस धूळ व राख म्हणविणारे पुरुष आमच्या मंडळ्यांत पुष्कळ आहेत. परंतु उपासना आटोपल्यावर त्यांपैकी एखाद्यास कोणी दानाचा हिशेब विचारिला, तर लागलीच त्याच्या कपाळास आठ्या पडतात. हे आम्ही परक्यांविषयी लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी नागपूर जिल्ह्यातील एका खेड्यात सुगीच्या उपकारस्तुतीस आलेली ज्वारी आमच्या घरी ठेविली होती. एका वृद्ध विधवेने भर सभेत विचारिले, "पाळकसाहेब, पायल्या किती भरल्या?" आम्हांस राग आला, व देवाच्या सेवकावर संशय घेऊ नये, असे आम्ही बोलून गेलो. घरी येताच पत्नी म्हणाली, "पण तुम्ही मोजली होती का?"

मोजली नव्हती.

त्या रात्री आम्हांस शमुवेलाची आठवण झाली. म्हातारपणी इस्राएल लोकांपुढे उभे राहून, मी कोणाचा बैल घेतला, कोणाकडून लाच खाल्ली, हे त्याने आपण होऊन विचारिले. त्याचेच पुत्र बैर-शेब्यात लाच खात होते, हे सर्वांस ठाऊक होते. तरी तो तोंड लपवून बसला नाही. विचारणाऱ्यास गप्प करण्याचा अधिकार हातात असता त्यालाच बोलू द्यावे, यापरती नम्रता आम्हांस तरी ठाऊक नाही.

आणि पुरुषास पुरते ओळखणारे मनुष्य बहुधा त्याच्या घरीच असते. कवी नारायण वामन टिळक हे काही काळ नागपुरात संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम करीत असत. 1893 साली राजनांदगावास जाताना आगगाडीत त्यांची एका मिशनऱ्याशी गाठ पडली. 1895 साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1917 साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. या त्यागाची थोरवी सर्व गातात. परंतु त्यांचा तापटपणा, त्यांच्या हाती पैसा न टिकणे, संसाराची झालेली ओढाताण, हे आपणांस कोणी सांगितले? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी, 1934 सालापासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात. तो वाचून टिळक कोणास लहान वाटले, असे आम्ही ऐकिले नाही. उलट दोष झाकून लिहिलेल्या चरित्रांहून तेथे ते अधिक खरे वाटतात. मात्र ते 1919 सालीच वारले होते. आपण जिवंत असता आपल्या घरच्या माणसांस इतके मोकळेपणी बोलता येते काय? चांगले चांगले उपदेशकही या प्रश्नाशी अडखळतील, आम्हीही अडखळतो.

पुढील रविवारी आम्ही सर्व ज्वारी मंदिरापुढे ओतविली आणि पायली त्या वृद्ध बाईच्याच हाती दिली. उपदेशकाच्या वहीत प्रत्येक घरचे दान लिहिलेले होते. त्याच्याशी ताळा पाहता दोन पायल्या कमी भरल्या. उंदरांनी खाल्ल्या की आमच्याच चुलीवर शिजल्या, हे अजून कळले नाही. आम्ही त्या आपल्या कणगीतून आणून घातल्या; बाईने त्याही मोजून घेतल्या.