दुसऱ्याचे भाष्य वाचावे का?

शंका : शंकराचार्यांच्या मते गीतेचे पर्यवसान ज्ञानात आणि संन्यासात होते, तर टिळकांच्या मते कर्मयोगात. घरात ज्ञानेश्वरीचे पारायण चालू असताना असे उलटसुलट अर्थ वाचल्याने श्रद्धा डळमळत नाही का? आणि खरा अर्थ कोणाचा धरायचा?

समाधान : श्रद्धा डळमळण्याचे कारण नाही. विरोधी मत आधी नीट मांडायचे आणि मगच स्वतःचे सांगायचे, ही तर आपल्या शास्त्रकारांची शिस्तच होती. मीमांसकांच्या चर्चेत विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष आणि त्यानंतर सिद्धान्त, असा क्रम असतो. 14व्या शतकातल्या माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला. ते स्वतः वेदान्ती, तरी ग्रंथाची सुरुवात त्यांनी चार्वाकाच्या मताने केली. ज्ञानेश्वरांनीही ‘अमृतानुभवा’त अज्ञानवादाच्या खंडनाला एक सबंध प्रकरण दिले आहे.

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ 1915 साली प्रसिद्ध झाले. ग्रंथाचे तात्पर्य ठरवण्यासाठी त्यांनी मीमांसकांच्याच जुन्या कसोट्या लावल्या : उपक्रम-उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. अद्वैत त्यांनाही मान्य होते. शंकराचार्यांशी त्यांचा वाद होता तो आचरणाबद्दल.

हा वाद नेमका कुठे फुटतो, हे उपक्रमापाशी, म्हणजे ग्रंथाची सुरुवात कुठून धरायची तिथे, दिसते. टिळक अर्जुनाच्या लढायला नकार देण्यापासून मोजतात. शेवटी तो लढायला उभा राहतो, म्हणून उपदेश कर्माचा. शंकराचार्यांचे विवेचन दुसऱ्या अध्यायातल्या शोक-मोहापासून सुरू होते. शोक आत्मज्ञानानेच जातो, म्हणून उपदेश ज्ञानाचा.

पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या श्लोकात कर्मयोग संन्यासापेक्षा श्रेष्ठ म्हटला आहे. शंकराचार्य म्हणतात, ही तुलना आत्मज्ञान न झालेल्यापुरती आहे. टिळकांना असे बंधन घालणे मान्य नाही. पण म्हणून आचार्यांनी अडचणीचे श्लोक टाळले, असे कोणी समजू नये. तिसऱ्या अध्यायात जनकाने कर्मानेच सिद्धी मिळवल्याचा उल्लेख येतो. तिथे जनक ज्ञानी असेल तर अर्थ काय आणि नसेल तर काय, या दोन्ही शक्यता त्यांनी तपासल्या आहेत.

एवढी चोख चर्चा समोर असताना एकच बाजू वाचणे म्हणजे आपल्याच आचार्यांचे अर्धे म्हणणे ऐकणे होय. ते कोणाला उत्तर देत आहेत, हे कळल्याशिवाय त्यांचे उत्तर कळत नाही.

आता खरा अर्थ कोणाचा? ज्ञान झाल्यावर कर्म सोडायचे की नाही, हा दोघांमधला मुख्य वाद आहे. ज्याला अजून ते ज्ञान झालेले नाही, त्याने फळाची आस न धरता आपले कर्म करावे, याबाबत शंकराचार्य आणि टिळक यांचे एकमत आहे. तेव्हा पारायण करणाऱ्या गृहस्थाला उद्याची कामे ठरवण्यासाठी या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबावे लागत नाही. पाचवा अध्याय दोन्ही भाष्यांसह शेजारी ठेवून त्याने खुशाल वाचावा.