पंजा किती आवळायचा?

छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या बकेटमध्ये माती, शेणखत, खडी व्यवस्थित बसते. वादळात पडलेल्या झाडाच्या फांद्या भरल्या, की मात्र निम्म्या वाटेतच सांडतात. अमेरिकेच्या ग्रामीण भागात पंचवीस-तीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि थोडीफार झाडोऱ्याची जमीन बाळगणाऱ्याला हा ताप ठरलेला. मग तो बकेटच्या वरच्या कडेला जबडा बसवायचं मनावर घेतो. तयार पंजा बाजारात मिळतो. पण ज्याच्या शेडमध्ये वेल्डिंग मशीन आहे त्याच्या जिवावर येतं तो विकत घेणं. जाड लोखंडी प्लेट गॅस कटरने कापायची, दात काढायचे, बिजागरीच्या जागी जाड पाइपाचे तुकडे वेल्ड करून त्यांत बुश आणि पिना बसवायच्या, ग्रीस निप्पल विसरायचं नाही. बकेट आणि जबडा यांच्यामध्ये एक हायड्रॉलिक सिलिंडर, एक जादा व्हॉल्व्ह, दोन होज पाइप. झाला पंजा.

सिलिंडरचा आतला व्यास ५० मिलिमीटर आणि तेलाचा दाब १७५ बार धरला, तर दांडा सुमारे साडेतीन टन जोराने बाहेर येतो. सिलिंडरची पिन बिजागरीपासून १० सेंटिमीटरवर आणि दातांची टोकं ५० सेंटिमीटरवर असतील, तर टोकाशी त्याचा पाचवा हिस्सा पोचतो, म्हणजे सातशे किलोंच्या आसपास. ओंडका धरायला हे भरपूर झालं. बकेटची कड वाकवायलाही भरपूर, कारण बकेट माती उचलायला बनवलेली असते, वरून कुणी दाबेल या हिशेबाने नव्हे.

तेलाच्या वाटेवर एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब ठरलेल्या आकड्यावर गेला की त्यातली स्प्रिंग दबते आणि तेल टाकीत परत जातं. बऱ्याच ट्रॅक्टरांवर त्या स्प्रिंगमागे एक पातळ वॉशर सारला की आकडा वर चढतो. खर्च जवळपास शून्य, वेळ अर्धा तास, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. घरी पंजा बनवणाऱ्याची खरी परीक्षा वेल्डिंगमध्ये नसते, या वॉशरपाशी असते. ज्याने जोर वाढवला, ज्याला त्याचा फायदा, त्यानेच त्याची मर्यादाही ठरवावी का? हा प्रश्न वर्कशॉपचा वाटतो, पण धर्मविचारात तो फार जुना आहे. गंमत अशी, की सिलिंडरमागचा नियम ज्याने मांडला तो माणूसही याच प्रश्नाने पछाडलेला होता.

ब्लेझ पास्कल. बंदिस्त द्रवावर टाकलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, हे त्याने द्रवांच्या समतोलावरच्या ग्रंथात मांडलं. १६६२ मध्ये तो वारला आणि पुढच्या वर्षी हा ग्रंथ छापला गेला. एक दट्ट्या दुसऱ्याच्या शंभरपट रुंद क्षेत्राचा असेल, तर लहान दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्यावरच्या शंभर माणसांना तोलून धरेल, असं त्यात आहे. मात्र त्याने लगेच दुसरी बाजूही सांगितली: जोर जितका वाढतो, तितकंच अंतर घटतं. आजच्या ट्रॅक्टरवर हे घड्याळ लावून पाहता येतं. मिनिटाला वीस लिटर तेल देणारा पंप ५० मिलिमीटरच्या सिलिंडरचा दांडा २० सेंटिमीटर ढकलायला सव्वा सेकंदाच्या आत-बाहेर घेतो. ७५ मिलिमीटरचा सिलिंडर लावला तर जोर सव्वादोनपट, आणि वेळही सव्वादोनपट. इथे घासाघीस चालत नाही.

पास्कल नुसता कागदावरचा शास्त्रज्ञ नव्हता. करवसुलीचे हिशेब करून थकणाऱ्या वडिलांसाठी त्याने विशीच्या आतच बेरजेचं यंत्र बनवायला घेतलं होतं. रुआँच्या एका घड्याळजीने त्याची नक्कल केली. बाहेरून घासूनपुसून लखलखीत, आत कामाला शून्य. पास्कल इतका खट्टू झाला की त्याने कारागिरांना घरी पाठवलं. ही तक्रार त्याने १६४५ मध्ये छापून ठेवली आहे. हात तयार असणं आणि हिशेब कळणं या दोन गोष्टी आहेत, हे त्याला तेव्हाच उमगलं होतं. बकेटची कड वाकवून बसलेल्या कुठल्याही हौशी वेल्डरला ते आजही पटेल.

१६५४ च्या २३ नोव्हेंबरच्या रात्री, साडेदहा ते साडेबाराच्या सुमारास, त्याला देवाचा अनुभव आला. तो त्याने लिहून ठेवला आणि कोटाच्या अस्तरात शिवला. मेल्यानंतर तो कागद सापडला. लोक मग पास्कलचे दोन तुकडे करतात, आधीचा शास्त्रज्ञ आणि नंतरचा भक्त. पण त्याच्या धर्मचिंतनातला मुख्य मुद्दा, माणसाची झेप त्याच्या आवाक्यापेक्षा मोठी आहे हा, सिलिंडरच्या नियमाला मुळीच परका नाही. पंजाने ओंडका धरताना माणूस शंभरांचा जोर लावतो, आणि त्याला त्यातलं काहीच जाणवत नाही. खोड आतून कुजलेलं आहे हे हाताला कळलं असतं. लिव्हरला कळत नाही. होज पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर तेलाची धार कातडीतून आत शिरते. आधी फक्त बारीक ठिपका दिसतो, दुखतही नाही. काही तासांनी हात सुजतो आणि शस्त्रक्रियेची वेळ येते, कधी बोट काढावं लागतं. म्हणून जाणता मेकॅनिक गळती हाताने चाचपत नाही, पुठ्ठा फिरवून पाहतो.

मर्यादा ठरवायची कुणी, याचं सर्वांत रोखठोक उत्तर पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यातल्या आमिश लोकांनी दिलं आहे. १६९३ मध्ये याकोब आमान याच्या मागे वेगळा झालेला हा ख्रिस्ती पंथ. १९२० च्या दशकात शेजारी ट्रॅक्टर घेऊ लागले, तेव्हा त्यांनी ट्रॅक्टर शेतात घालायचा नाही असं ठरवलं. कोठारापाशी पट्टा लावून यंत्र फिरवायला तो चालेल. चाकं मात्र लोखंडी, कारण रबरी टायर आले की ट्रॅक्टरची मोटारगाडी व्हायला वेळ लागत नाही. गवताच्या गाठी बांधणाऱ्या यंत्रावर इंजिन बसवतात आणि ते यंत्र घोड्यांकडून ओढवतात. परक्याला हे हास्यास्पद वाटतं. पण त्यांचा प्रश्न यंत्र पवित्र की पापी असा नाहीच. या यंत्राने शेजाऱ्याची गरज संपेल का, एकाची शेती दहांची जमीन गिळेल का, असा आहे. पंचवीस ते चाळीस कुटुंबांचा एकेक गट वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधी, आपले नियम तपासतो. वॉशर घालायचा की नाही, हे तिथे एकट्याने ठरवायचं नसतं.

आपल्याकडे खंडेनवमीला ट्रॅक्टरला हळदीकुंकू आणि झेंडूची माळ मिळते. कृतज्ञता खरी असते, पण त्या दिवशी कुणी ट्रॅक्टरला जाब विचारत नाही.

जाब विचारणारे गांधी होते. १९२४ मध्ये दिल्लीत एका विद्यार्थ्याने त्यांना विचारलं, तुमचा सगळ्याच यंत्रांना विरोध आहे का? त्यांनी सिंगरच्या शिलाई मशीनचा अपवाद केला. बायकोचे कष्ट पाहून, प्रेमापोटी ते बनलं असं ते म्हणाले. विद्यार्थी चलाख होता: मग ते मशीन बनवणारा कारखाना? गांधींनी मान्य केलं की तो लागेल, पण सरकारच्या ताब्यात असावा. घरगुती पंजालाही हाच फास बसतो. त्यातल्या प्लेटा घरच्या. सिलिंडर, होज, पंप, व्हॉल्व्ह सगळं कारखान्याचं. रिलीफ व्हॉल्व्हचा आकडासुद्धा अशा इंजिनिअरने ठरवलेला, जो हे झाड कधी बघणार नाही. ‘मी स्वतः बनवलं’ म्हणणारा माणूस अनोळखी लोकांनी आखलेल्या मर्यादेतच काम करत असतो. त्या मर्यादेला मान देणं हेही एका अर्थी समाजाचं ऐकणंच. फरक इतकाच, की इथे समाज समोर बसलेला नसतो आणि वॉशर घातला तर कुणी खुलासा मागत नाही.

आमिशांचं उत्तर मात्र वाटतं तितकं नितळ नाही. लँकेस्टरमध्ये त्यांची लोखंडकामाची वर्कशॉप आहेत. वीजकंपनीची तार तिथे नाही. डिझेल इंजिनावर कॉम्प्रेसर आणि हायड्रॉलिक पंप चालतात, आणि करवत, ड्रिल, प्रेस तेलाच्या किंवा हवेच्या दाबावर. म्हणजे पास्कलचा नियम तिथे दिवसभर राबतो. यांतली काही वर्कशॉप बाहेरच्या शेतकऱ्यांना अवजारं विकतात. याला ढोंग म्हणणं सोपं आहे, आणि चुकीचंही: त्यांचा नियम आपल्या गटाने कसं जगावं याचा आहे, लोखंडाच्या विटाळाचा नाही. पण त्या अवजाराने गिऱ्हाइकाच्या गावात कुणाची जमीन गिळली, हे प्रभुभोजनाआधीच्या त्या बैठकीत कुणी मांडायचं?