रहस्य आणि हास्य

प्रेताशेजारी बसून हसावे काय? विनोदी रहस्यकथेवर गंभीर प्रकृतीच्या टीकाकाराचा हाच मुख्य आक्षेप असतो, आणि तो अगदीच पोकळ नाही. बाबूराव अर्णाळकरांनी (1906–1996) हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार व काळा पहाड महाराष्ट्रात घरोघर पोचले. तरी महाविद्यालयांतून त्यांचे नाव घ्यावयास विद्वान मंडळी कचरत. वाचीत मात्र असत! पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून रात्रपाळी आटोपून आलेल्या गृहस्थाने अशी एखादी हलकीफुलकी कादंबरी उघडली, तर त्याची अभिरुची हीन ठरते काय? मला तसे वाटत नाही. भूमितीतल्या त्रिकोणासाठी कोणी रडत नाही; तद्वत या कथांतील खून हे एक प्रमेय असते, आणि हसू येते ते मृतावर नव्हे, तर जिवंतांच्या लपवाछपवीवर व गुप्तहेराच्या ऐटीवर. परंतु लेखकाने त्या मृताची म्हातारी आई दारात आणून उभी केली, तिने मुलासाठी झाकून ठेवलेली भाकरी आपणांस दाखविली, की प्रमेय तेथेच संपले. त्यापुढील विनोद मला सोसवत नाही. मी पुस्तक मिटतो, मग खुनी कोण हे न कळले तरी चालेल.