एका चटईवरची मुले

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की देवळाच्या सभामंडपात एक चर्चा हटकून निघते. तीन वर्षांच्या मुलास आपल्या इब्रामपूरच्या अंगणवाडीत घालावे, की गाडीत बसवून शहराकडील माँटेसरी म्हणविणाऱ्या शाळेत पाठवावे? यंदा एका सद्गृहस्थांनी मनातील गोष्ट स्पष्ट सांगितली. ते म्हणाले, "अंगणवाडीत सगळ्या तऱ्हेची मुले असतात हो!" हे वाक्य आम्हांस स्वस्थ बसू देईना. सगळ्या तऱ्हेची मुले एकत्र असणे हा शाळेचा दोष समजावा की गुण?

ज्या नावाला आज एवढी प्रतिष्ठा आहे त्याचे मूळ पाहण्यासारखे आहे. मारिया माँटेसरी या इटलीतील डॉक्टर. ज्यांना मंदबुद्धी ठरवून समाजाने बाजूस सारले होते, अशा मुलांना शिकविण्याचे कार्य त्यांनी १९०० च्या सुमारास रोममध्ये केले. त्या कार्यात जे साधले तेच पुढे त्यांनी इतर बालकांपुढे ठेवले. ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांचे पहिले बालगृह उघडले, तेही रोममधील सान लोरेंझो या मजुरांच्या वस्तीत. म्हणजे जी पद्धती आज मोठी फी घेऊन निवडक मुलांना दिली जाते, ती मुळात नाकारलेल्या मुलांच्या सहवासात जन्मली.

त्या पद्धतीतील एक साधन घ्या. लाकडी ठोकळ्यात दहा खाचा व त्यांत बसणाऱ्या दहा गट्ट्या. एक गट्टी चुकीच्या खाचेत गेली की शेवटी एक उरते आणि मुलाला आपली चूक आपणच कळते. बाईंनी रागवावे लागत नाही, शेजारच्या हुशार मुलाचा दाखला द्यावा लागत नाही. शिवाय प्रत्येक साधन वर्गात एकच असते. दुसऱ्याचे होईपर्यंत थांबावे लागते, मग तो दुसरा कोणाचाही मुलगा असो! तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र बसतात. सावकाश शिकणाऱ्याला कोणी मागे पडलेला म्हणत नाही, आणि मोठ्याला धाकट्याची बोटे धरून दाखविण्याची सवय लागते. पाणी ओतणे, केर काढणे, पुसणे हेही तेथे शिक्षणच. आमच्यासारख्या पुजाऱ्याच्या घरी समई घासून व सहाणेवर गंध उगाळून हात तयार होतात, त्याच जातीचे हे काम आहे.

ही पद्धती आपल्या खेड्यांत आणण्याचे श्रेय ताराबाई मोडक यांचे. अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे कार्य आरंभिले. महागडी साधने परवडण्याजोगी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे आणि पाने पुढे आली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच व्रत चालले. शासनाची अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या नावामागे हेच अंगण आहे. तेव्हा सभामंडपात ज्या दोन शाळांची तुलना चालली होती, त्या एकाच कुळातील निघाल्या.

अंगणवाडीत उणिवा नाहीत असे आम्ही म्हणत नाही. साधने तोकडी असतात, आणि सेविकेवर आहाराचे व नोंदवह्यांचे ओझे एवढे असते की शिकविण्यास वेळ काढावा लागतो. त्या उणिवांबद्दल पालकांनी अवश्य बोलावे. पण सभामंडपातील तक्रार त्यांविषयी नव्हती.

आम्ही स्वतः अंगणवाडीतच शिकलो. तेथे आमच्या चटईवर बसणारा एक सोबती रानातील झाडे नेमकी ओळखी. चवथीच्या माटोळीला बांधावयाच्या रानफळांची नावे आम्हांस प्रथम त्यानेच सांगितली. एरवी पुजाऱ्याच्या मुलाला ती फळे आयतीच दिसावयाची. त्याच चवथीला तो आमच्या अंगणात आला. आम्ही ओसरीवर उभे होतो. "तेथेच थांब, शिवू नकोस," असे आम्ही त्यास म्हणालो. वय पाच वर्षांचे. हे वाक्य आम्हांस कोणी शिकविले नव्हते. पाहून पाहून आलेले होते. तो काही न बोलता परत गेला. दुसऱ्या दिवसापासून तो चटईच्या दुसऱ्या टोकास बसू लागला.

भारतातील व्याख्यानांतून तयार झालेल्या व १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात माँटेसरीबाईंनी सांगितले आहे की या वयातील मन भोवतालचे सारे न निवडता शोषून घेते. चटई आणि ओसरी, दोन्ही आमच्यात शिरली होती. लोक म्हणतात की अशा शाळेत दुर्बळ घरच्या मुलांवर उपकार होतात. आमचा हिशेब उलटा आहे. त्या सोबत्याने आम्हांस रानफळे दिली, आम्ही त्यास काय दिले ते वर सांगितलेच आहे. शाळेची गरज त्याच्याहून आम्हांसच अधिक होती, आणि घराने ती पुरी होऊ दिली नाही.

आता आमचा भाचा त्याच अंगणवाडीत जातो. गेल्या आठवड्यात त्याने घरी सांगितले की चवथीला आपल्या एका मित्रास माटोळी दाखवावयास आणणार. मित्राचे घर कोणते ते ऐकून ओसरीवरील मंडळी क्षणभर गप्प झाली. आम्ही आईकडे पाहिले. आईने सुपारी कातरता कातरता विचारले, "करंज्या खातो ना रे तो?"