कोऱ्या कागदाची खेळी

‘मेज वॉर्स’ नावाचा एक खेळ आहे. अमेरिकेतल्या ब्रायन पोप यांनी तो रचला आणि २०१२ साली तो बाजारात आला. बारा घरांचा पट, समोरासमोरच्या कोपऱ्यांत उभे असलेले दोन मांत्रिक, आणि दोघांपैकी एकाचा प्राण संपेपर्यंत चालणारं मंत्रांचं युद्ध. आमच्या रे रोडला, स्टेशनच्या एका अंगाला दारूखान्यातल्या लोखंडाच्या आणि लाकडाच्या वखारी आणि दुसऱ्या अंगाला घोडपदेवच्या चाळी. त्यातल्या आमच्या चाळीत शेजारची बहीण-भावंडं हा पट मांडून बसतात. दहा बाय बाराच्या खोलीत तेवढी जागा कुठून येणार? कॅरमबोर्ड उलटा करून त्यावर पट अंथरतात. अशा वेळी मी तिथे जाऊन बसतो. खेळत नाही, बघतो.

मला या खेळातला एक नियम फार आवडला. पत्त्यांच्या बहुतेक खेळांत हातात काय यावं ते नशीब ठरवतं. मांत्रिकांच्या लढाईचा सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे रिचर्ड गारफिल्ड यांचा १९९३ सालचा ‘मॅजिक’. त्यातही गड्डी पिसायची आणि येईल ते पान घ्यायचं. इथे तसं नाही. प्रत्येकाकडे मंत्रांची एक पोथी असते. ती खेळापूर्वी स्वतः जुळवायची, १२० गुणांच्या मर्यादेत. आपल्या विद्येतला मंत्र स्वस्त पडतो, दुसऱ्याच्या विद्येतला दुप्पट महाग. मग प्रत्येक फेरीला ती सगळीच्या सगळी पोथी तुमच्यापुढे उघडी असते. कोणताही मंत्र घ्या, पण दोनच, आणि तेही समोरच्याला न दाखवता. फासे आहेत, पण ते घाव कसा बसला एवढंच सांगतात. काय करायचं हे फाशांवर सोडता येत नाही.

सगळं हाताशी आहे आणि घ्यायचं दोनच, अशा वेळी माणूस पोथीकडे बघत राहिला तर हरतो. उत्तर पोथीत नसतंच. ते समोर बसलेल्या माणसात असतं. तो आता काय करील, त्याला कशाची भीती वाटते आहे, मघाशी पटावर पालथा ठेवलेला पत्ता त्याने अजून का उलटला नाही, हे कळलं तरच आपले दोन मंत्र कामाला येतात. नाहीतर अग्नीचा मोठा मंत्र हातात धरून बसायचं आणि त्या फेरीत गरज पडायची ती एका साध्या ढालीची.

परवा धाकटा बहिणीला म्हणाला, “ताई, तू आता अस्वल पुढे काढणार.” तिने विचारलं, “कशावरून?” तर म्हणाला, “मघापासून त्याच्याकडे बघायचं टाळते आहेस.” ती खरोखर दचकली. एका घरात वाढलेली ही मुलं, पण इतकं निरखून त्यांनी एकमेकांकडे याआधी कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

मराठी घराला मांत्रिकांची लढाई नवी नाही. धुंडीसुत मालूंचा ‘नवनाथ भक्तिसार’ शके १७४१चा, म्हणजे १८१९चा. त्याचे चाळीस अध्याय लालबाग-परळच्या कितीतरी घरांत श्रावणात अजून वाचले जातात. त्यात अग्निअस्त्रावर जलदास्त्र, पर्वतास्त्रावर वज्रास्त्र असा जबाबाला जबाब पानोपानी आहे. सेतुबंध रामेश्वरी मच्छिंद्रनाथ आणि मारुती यांची गाठ पडते. समोर कुणी साधा जोगी आहे असं समजून मारुती डोंगरामागून डोंगर फेकतो, आणि वाताकर्षण मंत्राने जागच्या जागी खिळून राहतो. वायुदेवाला मध्ये पडावं लागतं. बळात मारुती कुठेच कमी नव्हता. समोर कोण उभं आहे हे न ओळखता त्याने हात उचलला, एवढंच. पुढे दोघांचं सख्य होतं, आणि त्या कथेचा मला सर्वांत प्रिय वाटणारा भाग तोच आहे.

पण या सगळ्या लढायांची राणी म्हणावी अशी गोष्ट चांगदेवांची. चौदाशे वर्षं योगसाधना केलेले चांगदेव वाघावर बसून, हातात सर्पाचा चाबूक घेऊन ज्ञानदेवादी भावंडांना भेटायला निघाले. ही चौघं भिंतीवर बसली होती, आणि ती भिंतच सामोरी चालत गेली. १९४०च्या प्रभातच्या ‘संत ज्ञानेश्वर’ने हे पडद्यावर आणलं. भिंत आणि वाघ आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहेत. त्याआधीच्या पत्राबद्दल मात्र आपण एक वाक्य बोलतो, हसतो आणि पुढे जातो.

चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतलं. मायना काय लिहावा? वयाने हा मुलगा एवढासा, म्हणून चिरंजीव लिहावं, तर ज्ञानाने तो थोर. तीर्थरूप लिहावं, तर आपण एवढे वृद्ध. निर्णय होईना, म्हणून कोरा कागदच पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली की इतकी वर्षं जगूनही हा कोराच राहिला. ती तेव्हा पंधरा वर्षांच्या आसपासची. तिच्या त्या वाक्यावर महाराष्ट्र सातशे वर्षं खूश आहे.

मला मात्र तो कोरा कागद चांगदेवांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी खेळी वाटते. ज्याच्या पोथीत सगळ्या सिद्धी होत्या, तो त्या दिवशी पहिल्यांदा पोथी बाजूला ठेवून समोरच्याचा विचार करत बसला. समोर कोण आहे? मी त्याचा कोण? हे कळेपर्यंत एक अक्षरही लिहिता येत नाही, असं त्याला वाटलं. ही माघार नव्हे. खरं तर तिथेच लढाई संपली होती. निवृत्तिनाथांना हे उमगलं असावं. त्यांनी ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितलं आणि कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर गेलं. चांगदेव पासष्टी. आपल्या भाषेतल्या एका अपूर्व ग्रंथाला निमित्त झालं ते न लिहिलेलं पत्र.

आणि तेवढं उत्तर हाती आल्यावरही चांगदेव वाघावर बसून निघाले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एकदा समोरच्याकडे पाहायला शिकलेला माणूस पुन्हा आपल्याच पोथीकडे वळला, त्यातले सर्वांत दिपवणारे दोन मंत्र त्याने काढले. माझंही असं होतं. कुणाशी अवघड बोलणं करायचं असलं की त्या माणसाचा विचार सुटतो आणि माझी वाक्यंच मी मनात घासत बसतो.

ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरा एक पटाचा खेळही जोडते, मोक्षपट. कवड्या टाकायच्या, सद्गुणाच्या शिडीने चढायचं, दुर्गुणाच्या सापाने उतरायचं. तो पट मोठा आहे, पण तिथे प्रत्येकजण एकटा आहे. शेजारी बसलेला वर गेला काय, खाली आला काय, माझ्या वाटेत फरक पडत नाही. मांत्रिकांच्या पटावर समोरच्यावाचून पाऊल उचलता येत नाही. म्हणून तो मुलांनी खेळावा असं मला वाटतं, आणि फोनवर नव्हे, असा कॅरमबोर्डावर. फोनमधल्या प्रतिस्पर्ध्याला नाव आणि गुण असतात. तो कुठे बघायचं टाळतो आहे, ते दिसत नाही. गणपती उठले की आमच्याकडच्या मंडळांच्या खोल्या पुष्कळदा रिकाम्याच असतात. कॅरमच्या शेजारी एक टेबल आणि दोन खुर्च्या त्यात सहज मावतील. हा खेळ महाग आहे, प्रत्येक घराला परवडणार नाही. मंडळाने एक घेतला तर सगळ्या गल्लीला पुरेल.

चांगदेव वाघावरून उतरले, एवढ्यावर आपण गोष्ट थांबवतो. पुढे परंपरा सांगते की त्यांनी गुरू केलं ते मुक्ताबाईला, ज्या मुलीने त्यांना कोरं म्हटलं तिलाच. जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे आणि त्याच परिसरात मुक्ताईचं. महाशिवरात्रीला तिथे दिंड्या येतात. यात्रा दोघांची मिळून एकच भरते.