गळक्या गाडीचे काय करायचे?

आपल्या धर्मग्रामात आजही एखाद्या अंगणात ताडपत्रीखाली जुनी प्रीमियर पद्मिनी उभी असते. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून नवी गाडी बाहेर पडणे तर त्यापूर्वी वीस वर्षांहून अधिक काळ बंद झाले होते. तरीही ज्यांच्या घरी ही गाडी आहे, ते तिला सहजी सोडत नाहीत. तिच्यातून नवरी चर्चला गेलेली असते, आजीला रात्री इस्पितळात नेलेले असते. अशा गाडीखाली सकाळी ऑइलचे काळे डाग दिसू लागले, की घरात चर्चा सुरू होते. ती वरवर पैशांची वाटते. आम्हांला त्यात सदसद्‌विवेकबुद्धीचा प्रश्न दिसतो.

आधी दुखणे काय आहे ते पाहू. पद्मिनीच्या इंजिनाच्या पुढच्या तोंडाला टायमिंग चेन असते. खालचा क्रँक फिरला की ही चेन वरचा कॅम फिरवते आणि व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात, मिटतात. चेन ऑइलात न्हात फिरते, म्हणून तिच्यावर एक कव्हर बसवलेले असते. कव्हर आणि इंजिन यांच्यामध्ये एक पातळ गॅस्केट असते, गॅरेजमध्ये त्याला साधे ‘पॅकिंग’ म्हणतात. क्रँकची पुली जिथून बाहेर येते तिथे गोल ऑइल सील असते. वर्षानुवर्षे तापून आणि थंड होऊन पॅकिंग कडक होते, आक्रसते, चिरते. मग ऑइल वाट शोधते.

गंमत अशी, की गळती पुढे असली तरी डाग मागे दिसतो. गाडी धावताना वारा आणि पंखा मिळून ऑइल मागे ढकलतात, ते चेंबरच्या कडेकडेने वाहत जाते आणि थेंब भलत्याच ठिकाणी पडतो. म्हणून जाणता मिस्त्री आधी इंजिन पुसून कोरडे करतो, त्यावर थोडी पावडर मारतो, इंजिन चालू करतो आणि वाट पाहतो. ओल प्रथम कुठे उमटते ते पाहिल्याशिवाय तो पान्ह्याला हात लावत नाही.

पॅकिंग स्वस्त असते. खरी किंमत ते बदलण्याच्या श्रमाची असते. पाणी काढायचे, रेडिएटर बाहेर घ्यायचा, पट्टा सोडवायचा, पुलीचा घट्ट बसलेला नट सोडवून पुली ओढून काढायची, मग कव्हरचे बोल्ट. त्यानंतर सर्वांत कंटाळवाणे काम येते. जुन्या पॅकिंगचे चिकटलेले तुकडे दोन्ही बाजूंनी खरवडून काढायचे, तेही धातूला चरा न पडता आणि कचरा आत चेनमध्ये न पडता. कव्हर पत्र्याचे असेल आणि पूर्वी कुणी बोल्ट जोर लावून आवळले असतील, तर भोकांभोवतीचा पत्रा बाहेर फुगलेला असतो. तो सपाट लोखंडावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सरळ करावा लागतो. नवे सील बसवायचे, त्याच्या ओठाला थोडे ऑइल लावायचे, कव्हर पुलीवर मधोमध आहे याची खात्री करायची, आणि मगच बोल्ट थोडे थोडे, आलटून पालटून आवळायचे. पुष्कळ जुन्या इंजिनांत कव्हरची खालची कड चेंबरवर टेकते. तिथले पॅकिंग कव्हर काढताना फाटले असेल, तर तेही पाहावे लागते.

आणखी एक गोष्ट, जी घाईच्या गॅरेजमध्ये सहसा पाहिली जात नाही. इंजिनाच्या पोटातील वाफा बाहेर जाण्यासाठी एक ब्रीदर असतो. तो तुंबला, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून आतला दाब वाढला, तर नवे पॅकिंगही काही दिवसांत गळू लागते. अशा वेळी दोष पॅकिंगचा नसतोच.

आता विचार करा. एवढे सगळे झाल्यावर कव्हर पुन्हा जागेवर बसते, पुढे पुली, पट्टा आणि रेडिएटर येतात. आत काय केले आणि काय केले नाही, ते कुणालाही दिसत नाही. नीट खरवडले का? ब्रीदर उघडून पाहिला का? की कव्हर काढलेच नाही आणि कडेने ट्यूबमधले सिलिकॉन फासले? महिनाभर दोन्ही कामे सारखीच दिसतात. गिऱ्हाइकाला सत्य ठाऊक नसते, मिस्त्रीला असते.

काही दिवसांनी मालकही त्याच जागी येतो. मिस्त्रीने खर्चाचा आकडा सांगितलेला असतो. शेजारी सल्ला देतात, “अहो, जुनी गाडी म्हटल्यावर थोडं ऑइल गळणारच. वरून भरत राहा.” दुसरे कुणी म्हणते, “इंजिन धुऊन घ्या आणि विकून टाका.” वरून भरत राहण्यात, डागांखाली पुठ्ठा ठेवून पातळी रोज तपासण्यात, आम्हांला पाप दिसत नाही, परिस्थिती नसेल तर माणूस काय करणार? मात्र तो थेंब केवळ आपल्या अंगणात पडत नाही. गाड्या जिथे थांबतात तिथे रस्त्यावर अशा अनेक थेंबांचा थर साचतो, आणि पहिल्या पावसात त्यावरून दुचाकीवाले घसरतात. अंगणातला थेंब मातीत मुरतो. ज्यांच्या वाडीत विहीर किंवा बावखल आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको.

विकण्याची गोष्ट निराळी आहे. इंजिन धुतले की ते काही दिवस कोरडे दिसते. घेणारा बॉनेट उघडतो, खूश होतो, पैसे मोजतो. आपण खोटे काहीच बोललेलो नसतो. मग चुकले काय?

कायद्याला विचारले तर उत्तर मोठे लक्षात राहण्याजोगे आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची व्याख्या आहे. ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे ही फसवणूक, पण नुसते गप्प राहणे ही सहसा फसवणूक नव्हे, असे ते कलम सांगते. उदाहरण घोड्याचे आहे. एकाने लिलावात घोडा विकला, घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक होते, तो काही बोलला नाही. ही फसवणूक नाही. मात्र घेणारी त्याची स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नाते असे आहे की खोट सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. म्हणजे विकण्यापूर्वी इंजिन धुऊन गळती लपवणारा कायद्याच्या तावडीतही सापडू शकतो. न धुता गप्प राहणारा बहुधा सुटतो, जोवर समोर त्याची मुलगी नाही!

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात नेमका हाच प्रश्न घेतला होता. आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार करताना ते विचारतात: विकणाऱ्याने मालातील दोष सांगितलाच पाहिजे का? त्यांच्याकडेही घोडाच आहे. घोड्याला एकच डोळा असेल तर ते सर्वांना दिसते. किंमत त्या मानाने कमी केली असेल तर वेगळे सांगण्याचे बंधन नाही, कारण घेणारा त्याचे भांडवल करून वाजवीपेक्षा अधिक किंमत पाडू पाहील. व्यवहार कळणारा संत होता हा! पण दोष झाकलेला असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका असेल, तर सांगितलेच पाहिजे. घेणारा कोण, मुलगी की परका, हे ते विचारत नाहीत.

टायमिंग कव्हरची गळती या कसोटीवर कुठे बसते? बाहेरचा पत्रा गंजला असेल तर तो एका डोळ्याचा घोडा, सर्वांना दिसतो. गळती दिसत नाही, आणि ती निरुपद्रवी नाही. ऑइल पट्ट्यावर उडाले तर पट्टा घसरतो, पंप नीट फिरत नाही, इंजिन तापते. पातळी उतरत गेली आणि नव्या मालकाला पट्टी काढून पाहण्याची सवय नसली, तर बेअरिंग जातात आणि सगळे इंजिनच उघडावे लागते. आपण शंभर किलोमीटरवर थांबून पातळी पाहतो, कारण आपल्याला ठाऊक आहे. त्याला ठाऊक नाही, आणि ती माहिती आपण किमतीत धरलेली नाही.

मग सांगायचे काय? फार काही नाही. पॅकिंग कधी बदलले, की बदललेच नाही. हजार किलोमीटरला किती ऑइल वरून घालावे लागते. मिस्त्रीने ब्रीदर पाहिला का. दुरुस्तीचा किती आकडा सांगितला. तो आकडा किमतीतून वजा केला, की घेणारा आपला मिस्त्री शोधायला मोकळा. विकताना आपल्यालाच ठाऊक नव्हते आणि नंतर कळले, तर? संत थॉमस म्हणतात, तेव्हा पाप नव्हते, पण कळल्यावर भरपाई देणे लागते. ही गोष्ट आम्हांला सर्वांत अवघड वाटते, कारण व्यवहार मिटलेला असतो आणि पैसे खर्च झालेले असतात.

एक शंका मात्र राहते, ती एजंटची. आपण गाडी जुन्या गाड्यांच्या एजंटला दिली, तर तो जाणकार आहे, बॉनेट उघडताच त्याला सगळे कळते. त्याला काय सांगायचे, असे पुष्कळांना वाटते. त्याच्यापुरते ते खरेही असेल. पण एजंट ती गाडी स्वतः चालवणार नाही. तो ती धुऊन पुढे कुणाला तरी देणार, बहुधा पहिलीच गाडी घेणाऱ्या एखाद्या तरुण जोडप्याला. त्यांची आपली गाठ पडणार नाही. म्हणून आमचे मत असे, की सगळे आरशासारखे स्वच्छ दिसत असले तरी एजंटलाही तोंडाने सांगावे, आणि जमल्यास दुरुस्तीच्या अंदाजाची चिठ्ठी गाडीच्या कागदपत्रांत ठेवावी. तो ती काढून टाकील कदाचित. पण ते त्याचे त्याने ठरवायचे.